पाणी उशिरा बोलतं

परकार मॅडमनी एका दिवसात अकरा कप चहा प्यायलेला मी स्वतः मोजला आहे. त्या दिवशी आम्ही खालापूर तालुक्यातल्या अकरा वाड्यांचं पाणी गोळा करत फिरत होतो, आणि माझं प्रत्येक ओट्यावर नको-नको म्हणून तोंड दुखायला लागलं होतं. मॅडम जीपमधून उतरायच्या, चपला काढून ओट्यावर टेकायच्या, आणि घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते न येते तोच म्हणायच्या, "पाण्यानं काय भागतंय गं, चहा टाक. कोरा असला तरी चालंल." बाई हसून आत वळायची. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, जीपला डिझेल लागतं तसा मॅडमला चहा. मीही बरीच वर्षं तसंच समजून चाललो होतो.

कर्जतला पाणी तपासायची आमची प्रयोगशाळा होती. तिथं मी रसायनवाला आणि त्या जंतूवाल्या. म्हणजे पाण्यात क्षार किती, फ्लोराइड किती, क्लोरीन किती हे मी सांगायचं, आणि ते पाणी पिऊन माणूस आजारी पडेल का, हे त्यांनी. यातलं महत्त्वाचं काम कुणाचं हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण माझ्या रिपोर्टासाठी कधी कुणाचा फोन आला नाही. मॅडम माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठ्या. नाव रुकैया. घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं. वडिलांनी कर्जतच्या बाजारात दोर, बादल्या, कप्प्या असलं विहिरीचं सामान विकायचं दुकान टाकलं आणि कुटुंब इथलंच होऊन गेलं. "बापानं दोर इकले, मी त्याच दोरानं जंतू काढते," असं त्या कुणीही न विचारता सांगायच्या. ते खरंही होतं. ऑफिसनं दिलेला नायलॉनचा दोर त्यांनी कपाटात टाकून दिला होता. बाटली विहिरीत सोडायला त्या दुकानातला सुती दोर वापरायच्या आणि रोज संध्याकाळी तो प्रयोगशाळेतल्या मोठ्या कुकरमध्ये वाफवून घ्यायच्या. नायलॉनला गाठ बसत नाही आणि वास राहतो, हे त्यांचं म्हणणं. मला कधी कसला वास आला नाही, पण त्यांच्यापुढं हे बोलायची माझी छाती नव्हती.

अंगानं ठेंगण्या, चष्मा जाड, डोक्यावरचा रुमाल कानामागं घट्ट खोचलेला. चढावर चालायला लागल्या की मी मागं पडायचो. आवाज असा, की पलीकडच्या आळीतल्या माणसाला हाक मारायला त्यांना कधी उठावं लागलं नाही. गावात शिरल्या की त्यांची भाषा बदलायची. ऑफिसात 'आहे' म्हणणारी बाई वाडीच्या पहिल्या घरापाशी 'हाय' म्हणायला लागायची, आणि तेही इतक्या सहज, की खरी कुठली आणि शिकलेली कुठली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सॅम्पल घेणं ही त्यांच्या दृष्टीनं पूजेइतकीच सोवळ्याची गोष्ट होती. बाटलीच्या तोंडाला बोट लागलं की ती बाटली बाद. नळाचं पाणी असेल तर आधी नळाचं तोंड स्पिरिटच्या दिव्यानं भाजायचं, मग पाणी वाहू द्यायचं, मग बाटली. एकदा एका सरपंचांनी मोठ्या आदरानं त्यांच्या हातची बाटली घेतली आणि "थांबा, मी साफ करून देतो" म्हणून नळाखाली खळखळून धुऊन दिली. त्या बाटलीत आधीच थोडं औषध घातलेलं असतं. पाण्यात क्लोरीन असला तर तो तिथंच निकामी व्हावा आणि जंतू आहेत तसे आमच्यापर्यंत पोहोचावेत, यासाठी. सरपंचांनी सगळं धुऊन काढलं. मॅडमनी बाटली परत घेतली, नीट पुसली, टोपण लावलं आणि सरपंचांच्याच हातात दिली. "ठेवा घरी. खोबरेल ठेवायला बरी हाय." मग पेटीतून दुसरी काढली. सरपंच खूश झाले. त्यांना भेट मिळाली असंच वाटलं.

जंतू वाढवायच्या पेटीला त्या पाळणा म्हणत. पाळण्याचं दार उगाच कुणी उघडलं तर चिडायच्या. "लेकरू निजलंय, दिसत नाय का रं तुला?" ही द्वाड पोरं एकदा काचेच्या बशीत ठिपक्या-ठिपक्यांनी उगवली, की त्या बशी उजेडाकडं धरून मला दाखवायच्या आणि त्यांचा चेहरा इतका कौतुकाचा व्हायचा, की हे जुलाबाचे जंतू आहेत याचा मलाही विसर पडायचा. मग त्या बशी खाली ठेवायच्या आणि रिपोर्ट लिहायला घ्यायच्या. लिहिताना मात्र तो चेहरा नसायचा.

त्याचं कारण त्यांच्या एका वाक्यात होतं. ते वाक्य मी त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलं असेल. "पाणी खोटं बोलत नाय, पण उशिरा बोलतं." आज सकाळी विहिरीतून घेतलेलं पाणी बशीवर उद्या उगवणार. उगवलेलं ते नक्की कोण, हे पक्कं व्हायला आणखी एक दिवस. मग कागद, सही, शिक्का. गावाला कळायचं तिसऱ्या दिवशी. आणि गाव तर पाणी रोजच पितं.

मी नोकरीत नवा असताना एका वाडीचा रिपोर्ट असाच तिसऱ्या दिवशी तयार झाला. पाणी वाईट निघालं होतं. टपालानं पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्यावा म्हणून मॅडम गेल्या. मी बरोबर होतो. तोपर्यंत अर्धी वाडी दवाखान्यात होती आणि चार वर्षांची एक मुलगी आदल्या दिवशी गेली होती. मॅडम तिच्या घरी गेल्या. का गेल्या ते मला कळलं नाही, तसा नियम नव्हता. दारात बसलेल्या आईच्या हातात त्यांनी तो कागद दिला. त्या बाईनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता याचं काय करू, बाई?"  आवाज नसलेल्या परकार मॅडम मी तेवढ्याच एकदा पाहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वही सुरू केली. पानाला दोन रकाने. एकात पाणी कधी घेतलं ती वेळ, दुसऱ्यात गावाला कधी कळलं ती वेळ. सरकारला अशी वही नको होती. ती त्यांची होती.

चहाचा उलगडा मला त्यानंतर दोन वर्षांनी झाला. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या आईनं समोर सांदणाची ताटली ठेवली आणि चहा आणला, एकच कप. मी म्हटलं, मॅडमना नाही का? आई हसायला लागली. "तिला कुठला चा? पोरपणापासून चालत नाय तिला. पित्त व्हतं." मी मॅडमकडं बघितलं. त्या सांदणाचा तुकडा मोडत होत्या.

"चहा उकळतो रे भोईर," त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरचं पाणी तपासायला जायचं, त्याच्या घरचं पाणी नाय म्हणून परत लावायचं? मग माझ्या कागदावर तो का भरवसा ठेवेल? आणि त्यातून मी परकार. मी पाणी नाकारलं तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे लोक घरोघर ठरवतील. पाणी नको म्हणायचं नाही आणि प्यायचंही नाही. चहा सांगायचा. उकळलेलं सगळं माफ."

म्हणजे अकरा कप ते असे होते. त्या रात्री बाईंना किती जळजळ झाली असेल याचा विचार करून मला माझीच लाज वाटली. मी हे सगळं फुकटच्या पाहुणचाराची हौस समजत होतो.

खालापूरच्या बाजूला, टोलनाक्याच्या पलीकडं एका कॉलेजात श्वेता नावाची मुलगी संशोधन करत होती. एक दिवस ती आमच्या प्रयोगशाळेत आली. तिला खऱ्या विहिरींचं खरं पाणी हवं होतं. तिच्या हातात साखर तपासायला मधुमेहवाले वापरतात तसली एक पट्टी होती आणि मोबाइलएवढं एक यंत्र. दुसऱ्या हातात एक छोटी कुपी, आतलं पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल.

"यात काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"सोनं," श्वेता म्हणाली. "इतके बारीक कण केले की सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं."

मॅडमनी कुपी उजेडाकडं धरली. बशी धरायच्या तशीच. श्वेता सांगत होती. पट्टीच्या टोकावर हे सोन्याचे कण बसवायचे. त्यांच्यावर असा पदार्थ चिकटवायचा, जो पाण्यातल्या हजार गोष्टी सोडून फक्त त्या एका वाईट जंतूला धरून ठेवतो. जंतू धरला गेला की पट्टीतून जाणारी वीज बदलते. सोनं असल्यामुळं तो बारीकसा बदलही यंत्राला कळतो, आणि यंत्र आकडा दाखवतं. शंभराच्या आत असेल तर पाणी ठीक, वर गेलं तर नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

मॅडमनी कुपी खाली ठेवली, ड्रॉवर उघडला आणि ती दोन रकान्यांची वही तिच्यापुढं टाकली. "बस," म्हणाल्या. "चहा घेणार?" स्वतः मात्र घेतला नाही. प्रयोगशाळेतलं पाणी त्यांनीच तपासलेलं होतं.

त्यानंतर सहा महिने मॅडमनी त्या मुलीला दम खाऊ दिला नाही. गढूळ पाण्यात पट्टी भलताच आकडा दाखवते म्हणून गाळायची रीत बदलायला लावली. उन्हात पट्ट्या खराब होतात म्हणून बर्फाच्या डब्यात ठेवायला लावल्या. प्रत्येक पाणी दोनदा तपासायचं ठरलं, एकदा पट्टीवर आणि एकदा बशीवर. दोघांचं पटतं का ते पाहायचं. बहुतेक वेळा पटायचं. मॅडमना कुठंतरी न पटलेलं हवं होतं. त्याशिवाय खरं कळत नाही, म्हणायच्या.

ते मिळालं कोंडाण्याच्या अलीकडच्या एका वाडीत. वाडीचं नाव बदलून सांगतो, शिरसवाडी. तिथं विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायचं काम बाळाराम ठोंबरे यांच्याकडं होतं. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा शेतकरी. लोक त्याला दादा म्हणायचे. त्या दिवशी तालुक्याचे साहेब मुद्दाम यंत्र बघायला आले होते. श्वेतानं विहिरीच्या काठावर पाट मांडून पट्टी लावली. चाळीस मिनिटांनी आकडा आला चारशेच्या वर. साहेबांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या दिवशी पाळण्यातून बशी बाहेर काढली, तर ती कोरी. एक ठिपका नाही. साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र धडधाकट माणसाला ताप सांगतंय." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते आठवड्याभरात दोन्ही तालुक्यांत फिरलं. शिरसवाडीत तर म्हणच झाली. खोटं बोलणाऱ्याला 'बाईंची मशीन' म्हणायला लागले.

श्वेता रडकुंडीला आली. मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "भोईर, तुझी वही दे." मी दिली. त्या दिवशी विहिरीवर मी क्लोरीन बघितला होता. पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकल्यावर ते पिवळं व्हायला हवं, ते नारिंगी झालं होतं. म्हणजे क्लोरीन भरपूर. मी शेरा लिहिला होता : 'पावडर नियमित टाकली जाते. समाधानकारक.'

मॅडमनी तो शेरा दोनदा वाचला. "समाधान कुणाचं रे?" म्हणाल्या. "रोज टाकणाऱ्याच्या विहिरीत इतकं नारिंगी होत नाही. हे त्याच सकाळी ओतलेलं आहे."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी समजावलं. पावडरीनं जंतू मेले. बशीवर फक्त जिवंत उगवतात, म्हणून बशी कोरी. पण मेलेल्यांची मढी पाण्यातच होती, आणि पट्टी जिवंत-मेलं बघत नाही, हाताला लागेल त्याला धरते. बशी आजचं सांगत होती, पट्टी कालचं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. चुकला होता तो समाधानकारक शेरा लिहिणारा, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. बघण्यातच भागलं.

आम्ही न सांगता शिरसवाडीला गेलो. मॅडम दादाच्या ओट्यावर बसल्या, चहा सांगितला, आणि कप संपेपर्यंत भाताचं, गुरांचं बोलत राहिल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "दादा, त्या दिशी किती वतली?"

दादा जमिनीकडं बघत राहिला. "दोन डबं," म्हणाला. "जीप फाट्यावर आली म्हणून फोन आला. पावनं येनार म्हणलं का आंगन सारवतो ना बाई, तसं. पानी वाईट निघून लाल कार्ड लागलं का गावाचं नाव जातं."

"आणि एरवी?"

"एरवी वास येतो म्हणून बाया वरडतात. मग नाय टाकत."

त्याच्या मागं आतल्या खोलीत त्याची मुलगी दीपाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दादानं ते बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मॅडम उठल्या. "हे माझ्या तोंडून कुनाला कळनार नाय," म्हणाल्या. "पण एक कबूल कर. जीप येवो न येवो, रोज थोडी टाक." दादानं मान हलवली. निघताना आम्ही विहिरीचं पाणी घेतलं. या वेळी पट्टीही बोलली आणि दुसऱ्या दिवशी बशीही. दोघांचं पटलं. रिपोर्टात मॅडमनी खरं तेवढं लिहिलं : पहिल्या नमुन्यात क्लोरीन जास्त असल्यामुळं बशी कोरी आली. कुणी टाकला, कधी टाकला, एक शब्द नाही. तो कागद फायलीत गेला. शिरसवाडीत 'बाईंची मशीन' तशीच राहिली. मी म्हटलं, मॅडम, तुमचं नाव खराब होतंय. त्या म्हणाल्या, "माझं नाव काय पितात का लोक?"

मे महिन्यात दीपालीची हळद होती. दादा स्वतः कर्जतला येऊन आवतण देऊन गेला. मॅडम एका पिशवीत साडी आणि दुसऱ्या पिशवीत श्वेताच्या यंत्राची पेटी घेऊन निघाल्या. हळदीला पेटी कशाला, असं मी विचारलं नाही. त्या बहुतेक स्वतःच्या लग्नालाही बाटली घेऊन गेल्या असतील.

आदल्या दिवशी डोंगरावर वळवाची मोठी सर येऊन गेली होती. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा मांडव उभा होता, चुलाणावर भांडी चढली होती, आणि विहिरीवरून पाण्याचे हंडे एकामागून एक मांडवात चालले होते. चार गावचे पाहुणे यायचे होते. ताकाचं आणि सरबताचं पिंप धुऊन तयार होतं. मॅडम मांडवात न जाता सरळ विहिरीकडं गेल्या. वरच्या अंगाला गुरं बांधायची जागा होती, आणि तिथून विहिरीच्या काठापर्यंत ओलसर, काळपट ओघळ आला होता.

"दादा, पावडर?"

दादा ओशाळला. "कबूल केल्यापासून एक दिस चुकलो नवतो, बाई. ह्या चार दिसांत लग्नाच्या गडबडीत..."

मॅडमनी पेटी उघडली. चाळीस मिनिटं त्या पाटावर बसून राहिल्या. बायका येऊन जात होत्या, कुणी चहा आणून दिला, त्यांनी तो घेतला. आकडा आला. सहाशेच्या वर.

"हे पाणी प्यायला द्यायचं नाय," त्या म्हणाल्या. "ताक नाय, सरबत नाय. भात शिजतो, तो चालंल. प्यायचं पाणी कर्जतहून आणा."

मांडवातून नवरीचा मामा पुढं आला. मोठा, बोलका माणूस. "बाई, तुमच्या मशीनचं काय खरं हाय? गेल्या येळी सायबांसमोर तोंडावर पडली. आमी ह्याच पान्यावर वाढलो." दोन-चार जण हसले. कुणीतरी 'बाईंची मशीन' म्हटलं आणि हसणं वाढलं. एका बाईनं दोर हातात घेतला.

मी मॅडमच्या कानाशी वाकलो. "सांगून टाका ना आता. पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तोंड माझं असलं तरी गोष्ट त्याची हाय," त्या म्हणाल्या. मग उठल्या, विहिरीच्या कठड्यापाशी गेल्या आणि जिथून दोर सोडतात, बरोबर त्या जागी, कप्पीसमोरच्या कठड्यावर, मांडी घालून बसल्या. साडीचा पदर नीट केला, रुमाल पुन्हा खोचला. "नाय पटत तर नका पटवून घेऊ. मी काय भांडत नाय. पण मी हितून उठत पण नाय. दोर सोडायचा तर माझ्या अंगावरनं सोडा."

नवरीच्या घरी पाहुणी म्हणून आलेल्या, साठीला टेकलेल्या बाईला विहिरीवरून उचलायचं कुणी, हा प्रश्न मामाला पडला. तो दादाकडं वळला. "भावजी, तुमीच सांगा यांना. तुमची इहीर, तुमच्या पोरीचं लगीन."

दादाच्या दोन्ही हातांना हळद होती. तो मांडवाकडं बघत होता. मांडवाच्या तोंडाशी दीपाली येऊन उभी राहिली होती, हिरवा चुडा भरलेली.  ती बापाकडं बघत राहिली, आणि तिला काय माहीत आहे हे दादाला माहीत होतं. वराकडची माणसंही एव्हाना आलेली होती. 

"मशीन खोटी नव्हती," दादा म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी खोटा व्हतो. सायबांची जीप फाट्यावर आली नि मी दोन डबं पावडर वतली. जंतू मेले, मढी ऱ्हायली. मशीननं मढी धरली. बाईंना तवाच कळलं व्हतं. इतकं दिस तुमी त्यांना हसताव, मी बी हसलो. त्या एका शब्दानं बोलल्या नाय."

  दादाची बायको पुढं आली, काठावरचा भरलेला हंडा तिनं उचलला आणि पालथा केला. मग दुसरा. मग बाकीच्या बायकांनी आपापले. थोड्या वेळानं मामानंच टेंपो काढला आणि कर्जतहून पाण्याचे जार घेऊन आला. जेवताना तो स्वतः पंगतीत पाणी वाढत होता आणि ज्याला त्याला सांगत होता, "सोन्याची मशीन हाय ती. सोनं खोटं नाय बोलत." मॅडम कठड्यावरून उठल्या त्या दुपारीच, दोर गुंडाळून घरात ठेवल्याची खात्री करून. दीपालीला त्यांनी हळद लावली. 

दुसऱ्या दिवशी पाळण्यातून त्या विहिरीच्या पाण्याची बशी मी काढली. भरगच्च उगवली होती, हिरवी धातूसारखी चमक असलेले ठिपके, एकावर एक. मी ती नाचवतच मॅडमकडं घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिली. "ठेव," म्हणाल्या. "ज्यांनी प्यायचं ते काल प्यायले नाहीत. आता हे उगवलं काय, नि नाय काय." आणि त्यांनी ती जुनी वही काढली. पाणी घेतल्याची वेळ लिहिली, गावाला कळल्याची वेळ लिहिली. दोन रकान्यांतलं अंतर चाळीस मिनिटांचं होतं. त्यांनी वही मिटली आणि हात तिच्यावर ठेवला. मला त्या दारात बसलेल्या आईची आठवण झाली. त्यांनाही झाली असणार.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी शेवटची फेरी मारली, आणि शेवटचं गाव मुद्दाम शिरसवाडी ठेवलं. गुरांची जागा आता विहिरीच्या खालच्या अंगाला गेली होती. दादाच्या भिंतीवर पावडर टाकल्याच्या तारखा खडूनं लिहिलेल्या होत्या, एकही दिवस न गाळता. मी क्लोरीन पाहिला. हलकं पिवळं, जेवढं हवं तेवढं. शेरा लिहिण्याआधी मी मॅडमकडं बघितलं, त्यांनी मान हलवली. पट्टी लावली. चाळीस मिनिटांनी आकडा आला बारा. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि यंत्र पुन्हा जवळ धरून वाचलं. बाराच.

दीपाली माहेरी आली होती. सवयीनं ती चहाचा कप घेऊन बाहेर आली, तो मॅडमसमोर ठेवायला वाकली.

"चहा नको गं," मॅडम म्हणाल्या. "पाणी दे."

दीपालीला त्यात काही विशेष वाटलं नाही. दादालाही नाही. पाहुण्यानं पाणी मागितलं, एवढंच. ती आत गेली आणि माठातून तांब्या भरून घेऊन आली. मॅडमनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, वर उचलला आणि घटाघटा प्यायला. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो तोंडावर उपडा धरून ठेवला. पाणी हनुवटीवरून रुमालाच्या टोकावर उतरलं. त्याआधी मी त्यांना दोन्ही तालुक्यांतल्या एकाही घरचं पाणी पिताना पाहिलेलं नव्हतं.

"गोड हाय," त्या दादाला म्हणाल्या. मग ओटा उतरून चपला शोधायला लागल्या. दीपालीनं ठेवलेला चहा तिथंच निवत होता. तो मी प्यायलो.